इतिहासकार शिक्षणमंत्री

फ्रान्सचे व्हिक्तोर द्युरुई १८११ साली पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेतील एका कारागिराच्या घरी जन्मले. शाळेत इतिहास शिकविताना त्यांनी रोमचा इतिहास लिहावयास घेतला. सीझरचे चरित्र लिहू इच्छिणाऱ्या सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांचे साह्य घेतले व १८६३ साली त्यांना शिक्षणमंत्री नेमले. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करावे, हा त्यांचा अहवाल १८६५ साली सरकारी वृत्तपत्रात छापला गेला. परंतु सरकारनेच तो झिडकारला. तरीही पाचशे वस्तीच्या गावी मुलींची शाळा हवी, असा कायदा त्यांनी १८६७ साली करून घेतला. आम्हांस हेच त्यांचे थोर कार्य वाटते. मुलींच्या माध्यमिक वर्गांवर मात्र बिशप द्युपाँलू यांनी झोड उठविली. १८६९ साली मंत्रिपद गेले आणि द्युरुई पुन्हा रोमकडे वळले. मोफत शिक्षणाचा कायदा १८८१ साली व सक्तीचा १८८२ साली झाला, तेव्हा ते हयात होते.