मिटत्या चाकूची पारख

बाजारात चाकू घेताना आपण काय करतो? पाते उघडतो, अंगठ्यावर धार पाहतो आणि थोडी घासाघीस करून खिशात टाकतो. पण धार काय, दगडावर घासून घरीही लावता येते. मिटत्या चाकूत पारख करायची ती सांध्याची. जोर लावून टोचताना सांधा दगा देतो आणि पाते उलटून मूठ धरलेल्या बोटांवरच मिटते. दोर कापताना असे शिकलेली बोटे गावोगाव सापडतील.

या सांध्याची एक गोष्ट फ्रान्समधली आहे. आल्प्स पर्वताच्या कुशीत सव्हॉय नावाचा प्रांत आहे. तेथे जोसेफ ओपिनेल हा अवजारे घडविणाऱ्याचा मुलगा. वडील कुऱ्हाडी-कोयते करीत. पोराला यंत्रांचा नाद. वयाच्या अठराव्या वर्षी, १८९० साली, त्याने शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू केला. त्यात वस्तू मोजून चार : पाते, बीच लाकडाची मूठ, मुठीच्या तोंडावर पोलादी कडे आणि आरपार एक खिळा. लाकूड एकसंध, त्यालाच करवतीने खाच पाडलेली. १८९७ पर्यंत एक ते बारा क्रमांकांची मापे ठरली. आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे.

चाकू स्वस्त, हलका, खपला भरपूर. पण सांधा? तो केवळ घर्षणावर उभा! घट्ट ठेवावा तर उघडताना नख मोडते, सैल ठेवावा तर बोट जाते. हे कोडे थोडेथोडके नाही, पासष्ट वर्षे तसेच राहिले.

मग १९५५ साली त्याच घराण्यातल्या मार्सेल ओपिनेलने जुन्या कड्यावर दुसरे, फिरते कडे बसविले. त्याला एका बाजूस फट आहे. फट मुठीच्या खाचेसमोर असली की पाते हलते. उघडून कडे थोडे फिरवले की कड्याची भरीव बाजू पात्याच्या बुडाआड येते, आणि पाते मिटायचे नाव घेत नाही. ना स्प्रिंग, ना स्क्रू. चारांच्या पाच वस्तू झाल्या, एवढेच. मला तर यापेक्षा शहाणी दुरुस्ती क्वचितच दिसली आहे.

तरी दोष आहेत, बरं का. कडे फिरवायला दुसरा हात लागतो. एका हातात गुराचे दावे असले की पंचाईत. खिळा ठोकून पक्का केलेला, म्हणून पाते डुगडुगू लागले तर आवळायला जागा नाही. तेव्हा घेतानाच पाते उघडून टोक धरावे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. मिटल्यावर पाते खाचेच्या मधोमध बसते का, तेही पाहावे. कार्बनी पोलादाचे पाते धार झटकन घेते, पण लिंबू चिरून तसेच ठेवले तर काळे पडते आणि ओले राहिले तर गंजते. गंज न धरणाऱ्या पोलादाचेही मिळते. पाते पातळ असल्याने फळ सुरेख चिरते. डब्याचे झाकण उचकटायला घेतले तर टोक मोडेल.

पावसाळ्यात लाकूड फुगते, खाच आवळते आणि पाते नखाने निघत नाही. सव्हॉयच्या शेतकऱ्यांनी त्यावर तोड काढली. कडे मोकळे करायचे आणि मुठीचे बूड मेजाच्या कडेवर ठोकायचे. पात्याची पाठ आपोआप वर येते, मग चिमटीत धरून उघडायचे. तेथे या ठोक्याला ‘सव्हॉयचा ठोका’ म्हणूनच ओळखतात.