ऐकू येतंय, पण बोलता येत नाही!

मंडळी, हेडसेटच्या पिनेलाही पणजी आहे बरं का! १८७८ साली अमेरिकेत पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, १८८२त मुंबईतही आलं. तिथे ऑपरेटर लाइन जोडायला जी पाव इंची पिन खुपसायचे, तीच ही पणजी. साडेतीन मिलिमीटरची नात घरोघरी पोचली १९७९च्या वॉकमनमुळे. तिचे भाग तीनच: डावा, उजवा, ग्राउंड.

मग मोबाइल आला, माइकसाठी चौथा भाग आला... आणि तिथेच घोळ झाला! ओएमटीपी पद्धतीत टोकाकडून तिसरा भाग माइकचा, चौथा ग्राउंडचा. सीटीआयएत नेमकं उलट. आयफोन सीटीआयएवाला, बरेच जुने नोकिया ओएमटीपीवाले.

आता समजा, खुटबावच्या एखाद्या पोराचा फोनवर इंटरव्ह्यू आहे. त्याला सगळं ऐकू येतंय, पण पुण्याचे साहेब नुसतेच 'हॅलो, हॅलो' करताहेत. अशा वेळी फोनमध्ये जाणाऱ्या पिनेवरचे पट्टे मोजायचे. दोनच असतील तर माइकला वाटच नाही, चार भागांचा अ‍ॅडॉप्टर हवा. तीन असूनही माइक मुका, तर बहुधा पद्धत उलटी. ती पालटणारा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो.

फक्त हे सगळं इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी करा, म्हणजे झालं!