पेनिसिलिनाचा टांका

मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यांत पिंपळे गुरव हें गांव आहे. आज तें पिंपरी-चिंचवड शहरांत मिसळून गेलें आहे. पवना ओलांडून एका बाजूस गेलें कीं पेनिसिलिनासाठीं उभारलेला पिंपरीचा कारखाना लागतो. मुळा ओलांडून दुसऱ्या बाजूस गेलें कीं पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या दोन संस्थांतील शास्त्रज्ञांनीं मिळून एक प्रश्न हातीं घेतला: पाण्यांत विरघळणारी वस्तु जागच्या जागीं बांधावी कशी, आणि बांधूनहि तिचें काम चालूं कसें ठेवावें?

प्रश्नाचें मूळ फार जुनें आहे. ओलें कातडें चार दिवसांत कुजूं लागतें. तेंच बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या पाण्यांत मुरवून कमावलें म्हणजे त्याची मोट किंवा वहाण होते आणि ती वर्षानुवर्षें टिकते. कातड्यांतील प्रथिनांचे धागे त्या पाण्यांतील तुरट द्रव्यानें एकमेकांस बांधले जातात, हें त्याचें कारण. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्लस् गुडइयर यानें रबरांत गंधक घालून तें तापविलें. उन्हाळ्यांत चिकटणारें व थंडींत ताठरणारें रबर त्यामुळें कामाचें झालें. येथेंहि रबराच्या लांब रेणूंमध्यें गंधकाचे आडवे टांके पडले होते. हें कारण कातडें कमावणारास ठाऊक नव्हतें, गुडइयरलाहि नव्हतें. असे पदार्थ म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या होत, असें जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यानें १९२० सालीं प्रतिपादिलें, तेव्हां कोठें या टांक्यांच्या शास्त्राला पाया मिळाला.

टांके घालणाऱ्या द्रव्यांपैकीं इपॉक्सी हें एक. दोन अणु कर्बाचे व एक प्राणवायूचा, असें तें चिमुकलें कडें असतें. तीनच अणूंनीं कडें करावयाचें म्हणजे प्रत्येक सांध्यास फार वांकावें लागतें. त्यामुळें वांकविलेल्या धनुष्यासारखा ताण त्यांत सदैव असतो. प्रथिनावरील नत्रयुक्त गट जवळ आला कीं कडें उघडतें व त्या गटाशीं घट्ट जोडलें जातें. या जोडणींत दुसरें कोणतेंहि द्रव्य बाहेर पडत नाहीं. एकाच रेणूच्या दोन टोकांस अशीं दोन कडीं असलीं तर त्यानें दोन साखळ्या एकत्र बांधतां येतात.

अशा राळेपासून केलेला अॅराल्डाइट नांवाचा डिंक १९४६ सालीं स्वित्झर्लंडांत बाजारांत आला. परंतु ती राळ पाण्यांत मिसळत नाहीं, आणि प्रथिनांचा तर सारा संसार पाण्यांत. म्हणून पुढें ग्लायकॉल, ग्लिसरीन अशा पाण्याशीं सख्य असलेल्या द्रव्यांस तींच कडीं जोडण्यांत आलीं. १९८० नंतरच्या दशकांत जपानांत या पाण्यांत विरघळणाऱ्या द्रव्यांनीं प्राण्यांच्या रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेसाठीं टिकाऊ करण्याचे प्रयोग झाले.

आतां पिंपरीकडे वळूं. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें १९५४ सालीं स्थापन झाला आणि १९५५ सालीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पण बुरशीपासून मिळणारें पेनिसिलिन-जी सर्व जंतूंस पुरेसें पडेना. १९५९ सालीं इंग्लंडांतील बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं पेनिसिलिनाचा गाभा वेगळा केल्याचें जाहीर केलें. त्यास ६-एपीए म्हणतात. या गाभ्यास नवी शेपटी जोडली कीं नवें औषध मिळतें. अँपिसिलिन व अमॉक्सिसिलिन हीं त्याच गाभ्याचीं अपत्यें. त्यासाठीं आधीं पेनिसिलिन-जीची जुनी शेपटी कापावी लागते. रासायनिक रीतीनें कापावयाची तर शून्याखालीं चाळीस अंशांची थंडी व तीव्र द्रव्यें लागतात. पेनिसिलिन असायलेज नांवाचें विकर, म्हणजे एन्झाइम, तेंच काम साध्या पाण्यांत, आपल्या अंगाच्या उष्णतेइतक्या तपमानांत करतें. अडचण एवढीच कीं हें विकर पाण्यांत विरघळतें. काम संपलें कीं तें औषधांतच मिसळून राहतें, आणि पुढल्या खेपेस नवें विकर आणावें लागतें.

येथें पाषाणची प्रयोगशाळा कामास आली. ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें होतें. तेथील पोनरत्नम् व पिंपरीचे शेवाळे यांनीं, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं, इपॉक्सी कडीं असलेले पॉलिमराचे बारीक सच्छिद्र मणी घेऊन त्यांवर हें विकर बांधलें. त्यांचे निष्कर्ष १९९६ पासून प्रसिद्ध झाले. या मण्यांत दोन प्रकारचे टांके असतात. आडव्या टांक्यांमुळें मणी आपला आकार धरतो. इपॉक्सीच्या टांक्यानें विकर मण्यास धरलें जातें. भोकें अरुंद झालीं तर विकर आंत शिरत नाहीं. फार रुंद झालीं तर त्यास बसावयास जागा कमी पडते. विकरास फार ठिकाणीं जखडलें तर तें निकामी होतें. सारें कौशल्य या प्रमाणांत आहे. तें साधलें म्हणजे काम संपल्यावर मणी गाळून, धुऊन पुन्हां कामास लावतां येतात.

मात्र प्रयोगशाळेंत साधलेलें हें प्रमाण देशाच्या औषधधंद्यांत साधलें नाहीं. पिंपरीचा कारखाना १९९७ सालीं आजारी उद्योगांत गणला गेला. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालापुढें देशांतील पेनिसिलिन-जीचें उत्पादन बंद पडलें, आणि कित्येक वर्षें तें मुख्यतः चीनमधून आणावें लागलें. २०२० सालीं केंद्र सरकारनें उत्पादनास उत्तेजन देण्याची योजना आंखली, तेव्हां तिच्या यादींत पेनिसिलिन-जीचें नांव घालावें लागलें. जो पदार्थ १९५५ सालीं पवनेकांठीं तयार होत होता, त्यासाठीं पासष्ट वर्षांनीं पुन्हां आरंभ करण्याची वेळ आली. विकर बांधण्याची विद्या येथें होती, ती जाणणारीं माणसेंहि होतीं. परंतु कापावयाचें पेनिसिलिनच घरचें नसेल तर त्या विद्येचा लाभ रोग्यापर्यंत पोंचावा कसा? प्रयोगशाळा, कारखाना आणि बाजार यांमधील एक टांका उसवला कीं बाकीचे कितीहि पक्के असले तरी वस्त्र टिकत नाहीं, हाच या हकीकतीचा बोध आहे.