अंगणातली शाळा

वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा आपण अमळनेरकर मुलाबाळांना घेऊन तेथे जातो. तीन-चार वर्षांचे मूल तेथे गेल्यावर प्रथम काय करते, हे कधी कोणी न्याहाळले आहे काय? ते दुकानांकडे धावण्याआधी वाळूत बसते. मुठीत वाळू दाबते, तिचा ढीग करते, त्यावर एक काडी खोचते आणि मग हे कोणी पाहिले की नाही म्हणून मान वर करते. आपण त्याचे हात झटकतो आणि त्याला उचलून पुढे नेतो. गेल्या शंभर वर्षांतील आपल्याकडील बालशिक्षणाचा इतिहास म्हणजे त्या मुलाला वाळूत बसू द्यावे की नाही, ह्या वादाचाच इतिहास आहे असे आम्हांस वाटते. आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

शिक्षण म्हटले की ह्या गावात साने गुरुजींचे नाव आधी निघते, आणि ते साहजिक आहे. 1924 साली ते येथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे वसतिगृह सांभाळताना ‘छात्रालय’ नावाचे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून मुलांपुढे ठेवीत. आणि 1930 साली कायदेभंगाच्या लढ्यात उडी घेण्यासाठी त्यांनी शाळा सोडली. परंतु गुरुजींसमोर बसणारी मुले वाचणारी होती. त्यांच्या घरी जी धाकटी भावंडे होती, ज्यांस अजून अक्षर ठाऊक नव्हते, ज्यांच्या आया दिवस उगवताच शेतात निंदणीला किंवा गिरणीत पाळीला जात, त्यांचे काय? ह्या प्रश्नाला हात घालणारी व्यक्ती त्या वेळी अमळनेरात नव्हती. ती गुजरातेत होती.

ताराबाई मोडक ह्यांचा जन्म 1892 चा. त्या काळी स्त्रीने पदवीधर होणे हीच केवढी गोष्ट. त्या तर राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या होत्या. ती मानाची नोकरी सोडून 1923 साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. तेथे गिजुभाई बधेका ह्या एके काळच्या वकिलाने 1920 साली बालमंदिर काढले होते. रोमच्या एका गरीब वस्तीत 1907 साली मारिया माँटेसोरी ह्या डॉक्टरीण बाईंनी जे बालगृह उघडले, त्याची पद्धत गिजुभाईंनी उचलली खरी. पण साधनांच्या जोडीला त्यांनी आपल्या भागातल्या लोककथा, गाणी आणि नाटुकली आणून बसवली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि 1936 साली ताराबाईंनी मुंबईस दादरला शिशुविहार सुरू केला. इथवरची हकीकत शहरातली, शिकलेल्या घरांतल्या मुलांची आहे, म्हणून आम्ही तीत रेंगाळत नाही.

खरी परीक्षा पुढे झाली. 1945 साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या. शहरातली लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून समुद्रकाठचे शंखशिंपले, चिंचोके, गुंजा, झाडांची पाने, गारगोट्या आणि कुंभाराकडची माती हीच साधने झाली. पण दुसरी अडचण पैशाने सुटणारी नव्हती. बालवाडी उघडली, तरी गरिबांच्या वाड्यावस्त्यांतली मुले तिकडे येईनात. कोणी न्हालेले नसे, कोणाच्या अंगावर कपडा नसे, कोणाला धाकटे भावंड कडेवर घेऊन बसावे लागे. आणि ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या गावाने दूर ठेवले, त्या घरचे मूल ‘शाळेत ये’ एवढे म्हटल्याने कसे येईल? तेव्हा बाईच वस्तीत गेल्या. अंगण झाडले, मुलांना न्हाऊ घातले, नखे काढली, केस विंचरले आणि तेथेच गाणे सुरू केले. ही अंगणवाडी! ह्या शब्दाला आज पाटीचा आणि रजिस्टराचा वास येतो. पण मुळात तो एका सामाजिक निर्णयाचा शब्द आहे. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा नाही, शाळेने उठून त्याच्या दारी जावे, असा तो निर्णय होता.

1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी एकाला एक लागून ठेवली, म्हणजे धाकट्याला सांभाळायचे म्हणून थोरल्याची शाळा बुडू नये; तिला विकासवाडी म्हणत. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा भरे.

येथे एक शंका आम्हांस नेहमी विचारली जाते : गाणी, मातीकाम, रांगोळी हे ठीक, पण मूल शिकते केव्हा? वास्तविक ते त्याच वेळी शिकत असते. चिखलाचा बैल करताना जी बोटे दाबतात आणि वळतात, त्याच बोटांना पुढे पेन्सिल धरायची असते. बोटांत ताकद येण्याआधी पाटीवर ‘अ’ गिरवून घेणे म्हणजे दुधाच्या दातांनी हरभरे फोडायला लावणे होय. गोष्ट ऐकताना ‘मग काय झाले?’ असे मूल विचारते, तेव्हा ते आधी-नंतरचा आणि कार्यकारणाचा धडा घेते. अभिनयगीतात दहाजणांबरोबर हात वर करायचा आणि दहाजणांबरोबर थांबायचे, हे तर पुष्कळ मोठ्या माणसांनाही साधत नाही. सभांचा अनुभव असणाऱ्यांस ते निराळे सांगावयास नको.

2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, अशा सहा सेवा तिच्याकडे दिल्या. पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यांतली एक. आहाराचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. उपाशी मुलाला गाणे सुचत नाही. परंतु वजने, नोंदी आणि वाटप ह्यांत सेविकेचा दिवस सरतो आणि गोष्टीला वेळ उरत नाही, हेही आपण जाणतो. उलट ज्यांच्याकडे चार पैसे आहेत, ते मुलाला अशा ठिकाणी घालतात, जेथे तिसऱ्या वर्षी लेखन आणि चौथ्या वर्षी परीक्षा असते. एकाकडे वेळ नाही, दुसऱ्याकडे धीर नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक सलग पायाभूत टप्पा मानून खेळाला आणि घरच्या भाषेला स्थान दिले; म्हणजे बोर्डीची गोष्ट पंचाहत्तर वर्षांनी कागदावर आली.

घरच्या भाषेचे हे कलम खानदेशाला विशेष लागू आहे. एका बालवाडीत आम्ही बसलो होतो. एक चिमुरडी उठून म्हणाली, “माले भूक लागनी.” बाईंनी प्रेमानेच सुधारले, “असं नाही बाळ, मला भूक लागली म्हण.” मुलीने ते म्हटले नाही. ती खाली बसली आणि आम्ही असेपर्यंत पुन्हा बोलली नाही. बाईंचा हेतू वाईट नव्हता. पण भूक लागली ती अहिराणीत, आणि ती सांगायची परवानगी मात्र प्रमाण मराठीत! पावरा, भिली बोलणाऱ्या मुलांचे अंतर तर ह्याहून मोठे. ज्या जिल्ह्यात आसोद्याच्या निरक्षर बहिणाबाईंनी जात्यावर आणि शेतात कविता रचली, त्या जिल्ह्यात घरच्या बोलीची लाज लहानग्यांना शिकवली जावी, ह्याचे आम्हांस दुःख होते.

आणि साहित्य तरी बाहेरून कशाला आणावयाचे? आखाजीचा झोका आहे, पोळ्याचे मातीचे बैल आहेत. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या मुली भुलाबाई मांडतात, रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात, आणि मग खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, आवाजावरून अंदाज करायचा. कोरडे की ओले, गोड की तिखट, असे विचारीत विचारीत उत्तराजवळ यायचे. ऐकणे, तर्क करणे, शब्द शोधणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सारे त्यात आले. अंगणवाडीत खाऊ रोजच येतो. त्या महिन्यात तो वाटण्याआधी सेविकाबाईंनी डबा एकदा झाकून हलवावा, आणि आत काय आहे ते मुलांना ज्या बोलीत सांगता येईल त्या बोलीत सांगू द्यावे. गल्लीतल्या एखाद्या आजीबाईंना भुलाबाईची गाणी येत असतील, तर त्यांनाही त्या दिवशी बोलावून घ्यावे. अशा आजीबाई अजून आहेत.