‘प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला’ म्हणजे नक्की काय? १९८९ च्या ‘बॅटमन’कडून शिकलेल्या गोष्टी

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं, ‘हा चित्रपट प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला.’ माझ्या गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात तीन प्रश्न लिहिले. कोणत्या प्रेक्षकांनी? कधी? तुला कसं कळलं? मी तिकीटविक्रीचा आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, “ही विक्री झाली. मत कुठंय?”

तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण प्रेक्षकांच्या मताचा इतिहास लिहायला बसलो की हे तीन प्रश्न टाळताच येत नाहीत. ते नीट समजायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका अमेरिकन चित्रपटाचा, टिम बर्टनच्या ‘बॅटमन’चा. एकाच चित्रपटाबद्दल लोकांची मतं इतक्या वेगवेगळ्या मार्गांनी नोंदली गेली, आणि संशोधकांनी ती लगेच अभ्यासायलाही घेतली, अशी उदाहरणं फार नाहीत. तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहायला घेताहेत त्यांच्यासाठी ही गोष्ट क्रमाने सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बॅटमन पहिल्यांदा छापला गेला १९३९ मध्ये, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात. आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला श्रीमंत मुलगा मोठेपणी मुखवटा घालून रात्री गुन्हेगारांच्या मागे लागतो. पोलिसांचं काम तो स्वतःच करतो, म्हणजे सरळ भाषेत कायदा हातात घेतो. १९६६ ते १९६८ या काळात अमेरिकेत याच पात्रावर टीव्ही मालिका आली. अ‍ॅडम वेस्टचा तो बॅटमन रंगीबेरंगी, मिश्कील आणि मुद्दाम हास्यास्पद होता. मग १९८६ मध्ये फ्रँक मिलरचं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आलं. त्यातला बॅटमन म्हातारा, चिडलेला आणि हिंसक होता. म्हणजे १९८८ साली ‘बॅटमन’ हा शब्द उच्चारला की टीव्हीवर वाढलेल्या माणसाला एक चेहरा आठवायचा आणि कॉमिक्सच्या दुकानात नेमाने जाणाऱ्याला दुसराच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिलं साधन, पत्रं. १९८८ मध्ये बॅटमनच्या भूमिकेसाठी मायकल कीटनची निवड जाहीर झाली. कीटन तेव्हा ‘मिस्टर मॉम’ आणि ‘बीटलज्यूस’ अशा विनोदी चित्रपटांसाठी ओळखला जायचा. कॉमिक्सचे चाहते बिथरले. आपल्या गंभीर नायकाचं पुन्हा एकदा हसं होणार, टीव्ही मालिकेचीच नवी आवृत्ती येणार, अशी त्यांना भीती वाटली. वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची पत्रं गेली. त्यांचा आकडा बहुतेक लेखांत ५०,००० असा येतो. त्या नोव्हेंबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने चाहत्यांच्या या नाराजीवर पहिल्या पानावर बातमी केली. एका व्यापारी वृत्तपत्राने सिनेमाच्या पात्रनिवडीची दखल घेतली, कारण प्रश्न मोठ्या गुंतवणुकीचा होता.

मी हा ५०,०००चा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा लगेच वहीत उतरवला आणि खाली लिहिलं, ‘प्रेक्षकांचा तीव्र विरोध’. जरा थांबा. यात प्रेक्षक कुठे आहेत? चित्रपट अजून बनलेलाच नाही. एकाही माणसाने तो पाहिलेला नाही. ही पत्रं चित्रपटावरचं मत नाहीतच. ती आहेत भीती, आणि एका पात्रावरचा हक्क. शिवाय कागद, पाकीट, तिकीट घेऊन स्टुडिओला पत्र कोण लिहितो? ज्याला राग आलाय तो. ज्याला काही फरक पडत नाही, किंवा ‘बरं आहे की कीटन’ असं वाटतं, तो पोस्टात जात नाही. आणि तिसरी गोष्ट, आपल्या हातात असतात त्या पत्रांबद्दलच्या बातम्या. पत्र आणि पत्राची बातमी ही दोन वेगळी साधनं आहेत. संदर्भ देताना आपण यांची सर्रास गल्लत करतो.

दुसरं साधन, मतदान. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीसी कॉमिक्सने एक प्रयोग केला. ‘बॅटमन’च्या ४२७व्या अंकात बॅटमनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, स्फोटात सापडतो. तो जगावा की मरावा हे वाचकांनी फोन करून ठरवायचं होतं. दोन फोन नंबर, एका फोनचे ५० सेंट, मुदत ३६ तास. निकाल लागला तो असा: मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. फरक फक्त ७२ मतांचा. पुढच्या अंकात रॉबिन मेला.

आकडे पक्के आहेत, छापील आहेत, शेवटच्या अंकापर्यंत मोजलेले आहेत. संशोधकाला आणखी काय हवं? पण हे मतदान चित्रपटाचं नसलं तरी आपल्याला मोलाचा धडा देतं. यात मोजले गेले ते फोन. माणसं मोजलेली नाहीत. ज्याच्याकडे पैसे आणि चिकाटी, तो पुन्हा पुन्हा फोन करू शकत होता. तेव्हाचे संपादक डेनिस ओ’नील यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं की, कोणीतरी संगणक लावून दर दीड मिनिटाला ‘मरावा’च्या नंबरवर फोन केला असं त्यांच्या कानावर आलं होतं. ही ऐकीव गोष्ट आहे, सिद्ध झालेली नाही, आणि तुम्हीही ती ऐकीव म्हणूनच वापरा. पण फरक ७२चा असताना ती शक्यता नुसती डोळ्याआड करता येत नाही. ‘वाचकांनी रॉबिनला मारलं’ हे वाक्य आजही लिहिलं जातं. ‘वाचकांनी’ या एका शब्दात किती झाकलं जातं बघा.

तिसरं साधन, तिकीटविक्री. पत्रांच्या गदारोळावर उतारा म्हणून स्टुडिओने घाईघाईत एक छोटा ट्रेलर कापला आणि थिएटरात लावला. लोकांना तो इतका आवडला की काही जण नुसता ट्रेलर पाहायला तिकीट काढत होते, अशा बातम्या आल्या. २३ जून १९८९ ला चित्रपट लागला. पहिल्या तीन दिवसांत ४ कोटी डॉलर्सच्या वर कमाई, तोवरचा विक्रम. अमेरिकेतली एकूण कमाई २५ कोटी डॉलर्सच्या पुढे.

मग पत्रं लिहिणारे चुकले का? पुष्कळ लेख इथेच संपतात. आधी विरोध झाला, मग चित्रपट गाजला, चाहते तोंडघशी पडले, गोष्ट छान जुळते. पण तिकीट माणूस चित्रपट पाहण्याआधी काढतो. पहिल्या तीन दिवसांची कमाई उत्सुकतेची आहे. पसंतीबद्दल ती फार तर अर्धवट सांगते. आणि ही उत्सुकता आपोआप उगवली नव्हती. आयलीन मीहान या संशोधिकेने १९९१ मध्ये हाच मुद्दा मांडला. डीसी कॉमिक्स आणि वॉर्नर ब्रदर्स एकाच कंपनीच्या छताखाली होते, प्रिन्सचा ‘बॅटमन’ अल्बम त्याच छताखालून निघाला, आणि टी-शर्टपासून खेळण्यांपर्यंत सगळीकडे ते काळं-पिवळं चिन्ह होतं. अशा वेळी ‘लोकांना हवं होतं म्हणून चाललं’ एवढं म्हणून भागत नाही. लोकांसमोर काय ठेवलं गेलं होतं, हेही विचारावं लागतं.

आता प्रत्यक्ष प्रेक्षकांकडे येऊ. मीहान यांचा लेख ज्या पुस्तकात आहे ते ‘द मेनी लाइव्ह्ज ऑफ द बॅटमन’. रॉबर्टा पिअर्सन आणि विल्यम उरिकिओ यांनी ते संपादित केलं. चित्रपट येऊन दोन वर्षं होतात तोच पुस्तक हातात. त्यात कॅमिल बेकन-स्मिथ यांनी टायरोन यारब्रो यांच्यासोबत केलेला एक अभ्यास आहे. त्या दोघांनी सरळ थिएटरात जाऊन प्रेक्षकांत बसून पाहिलं. लोक कुठे हसतात, कुठे बोलतात, बाहेर आल्यावर काय म्हणतात. चाहत्यांशीही ते बोलले.

अशा कामातून जे हाती लागतं ते पत्रांत नव्हतं आणि गल्ल्यातही नव्हतं. प्रत्येकाची तुलना वेगळ्या गोष्टीशी चाललेली असते. कॉमिक्स वाचणारा तपशील पकडतो. चित्रपटात जोकरच ब्रूसच्या आईवडिलांचा मारेकरी दाखवलाय, आल्फ्रेड विकी व्हेलला थेट गुहेत आणून सोडतो, बॅटमन माणसं मारतो. हे चाहत्यांचे नेहमीचे आक्षेप. टीव्ही मालिका आठवणारा म्हणतो, केवढा काळोख! आणि जॅक निकल्सनसाठी आलेल्याला यातलं काहीच खटकत नाही. गंमत म्हणजे ‘खरा बॅटमन कधीच मारत नाही’ हा आक्षेपही पूर्ण टिकत नाही, कारण सुरुवातीच्या काळातल्या गोष्टींत बॅटमनच्या हातून माणसं मेलेली आहेत. प्रत्येक पिढी आपल्या वेळचा बॅटमन अस्सल धरते. चित्रपटावरचं मत हे अनेकदा स्वतःच्या लहानपणावरचं मत असतं.

याच पुस्तकात लिन स्पिगेल आणि हेन्री जेन्किन्स यांचा लेख या मुद्द्याला आणखी पुढे नेतो. त्यांनी १९६६ च्या मालिकेबद्दल त्या काळात काय लिहिलं गेलं ते एका बाजूला ठेवलं आणि वीसेक वर्षांनी लोकांना काय आठवतं ते दुसऱ्या बाजूला. आठवणींत मालिका कमी आणि घर, भावंडं, खेळ जास्त होते. एखाद्याला वाटेल, मग असल्या मुलाखती निकामी. तसं नाही. मालिकेत काय घडलं यासाठी त्या कच्च्या आहेत, पण मालिका माणसाच्या आयुष्यात कुठे बसली यासाठी त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही. साधन वाईट नसतं, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो.

शेवटचा भाग १९९२ चा. ‘बॅटमन रिटर्न्स’ आला. तोही बर्टनचाच, पहिल्यापेक्षा जास्त भीषण. मॅकडॉनल्ड्सच्या हॅपी मीलमधून त्याची खेळणी लहान मुलांना दिली जात होती. पालक भडकले, की खेळणी मुलांना देता आणि चित्रपट मुलांनी बघण्यासारखा नाही! कमाईही पहिल्यापेक्षा बरीच कमी झाली. १९९५ चा ‘बॅटमन फॉरेव्हर’ बर्टनऐवजी जोएल शूमाकरने दिग्दर्शित केला, आणि तो मुद्दाम हलकाफुलका, रंगीत ठेवला गेला.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. १९८८ मध्ये चाहत्यांच्या पत्रांनी कीटन हलला नाही. १९९२ मध्ये पालकांच्या तक्रारींनंतर मालिकेची दिशाच बदलली. चाहते कमी ओरडले होते का? नाही. पण पालकांचा राग थेट खेळण्यांच्या आणि खाद्यपदार्थांच्या विक्रीला भिडत होता. म्हणजे मोठ्याने मांडलेलं मत, बहुतेकांचं मत आणि वजन असलेलं मत या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. इतिहासात बहुतेक वेळा पहिलं आणि तिसरंच नोंदलं जातं. मधलं, म्हणजे चित्रपट पाहून गप्प घरी गेलेल्या माणसाचं मत, मुद्दाम शोधावं लागतं. आपण ते शोधलं नाही तर तो माणूस आपल्या प्रबंधातही नसतो. मला या सगळ्यात खरी टोचणी तीच आहे. आपण लोकप्रिय गोष्टींचा अभ्यास करतो असं म्हणतो आणि लोकच त्यातून गळतात.

हे टाळायचं कसं, याचा एक नमुना मार्टिन बार्कर आणि केट ब्रूक्स यांनी दिलाय. १९९५ च्या ‘जज ड्रेड’ या कॉमिक्सवरच्याच चित्रपटाच्या प्रेक्षकांवर त्यांनी १९९८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. चित्रपट फारसा चालला नव्हता, तरी त्यांनी चाहत्यांबरोबर साधे प्रेक्षक आणि नावडणारेही धरले. गाजलेलाच चित्रपट घ्यायचा, असा काही नियम नाही, हे त्यातून मी शिकलो.

तर आता तुम्ही तुमचं काम उघडा आणि ‘प्रेक्षक’, ‘वाचक’, ‘जनता’ हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे पेन्सिलीने खूण करा. प्रत्येक खुणेपाशी विचारा: हे मत पाहण्याआधीचं, पाहतानाचं, की वीस वर्षांनंतरचं? कोणी विचारलं म्हणून ते दिलं गेलं, की स्वतःहून? देणाऱ्याला त्यासाठी काय खर्च करावा लागला? आणि कोण यात येऊच शकत नव्हतं? उत्तर मिळत नसेल तर वाक्य लहान करा. दावा लहान झाला म्हणून प्रबंध लहान होत नाही.

माझं ते वाक्य आता असं आहे: ‘पहिल्या आठवड्यातली तिकीटविक्री आणि वृत्तपत्रांत छापून आलेली पत्रं यांवरून, शहरी थिएटरांत चित्रपटाबद्दल मोठी उत्सुकता होती असं म्हणता येतं.’ ऐकायला मिळमिळीत आहे, कबूल. मॅडमनी त्याखालीही रेघ मारली. समासात या वेळी एकच प्रश्न होता: ‘आणि शहराबाहेर?’