मर्दनविद्या आणि मर्दन करणारे हात



एखाद्या गोष्टीची समाजाला किती जाण आहे हे पाहावयाचे असेल, तर तिच्यासाठी त्याच्या भाषेत किती शब्द आहेत हे मोजावे. आपण पाय चेपतो, पाठ चोळतो, मांडी रगडतो, डोके दाबतो, अंग तुडवून घेतो आणि तान्ह्या बाळाच्या अंगात तेल जिरवतो. या क्रिया एक नव्हेत. चेपणाऱ्या हाताचा जोर वेगळा आणि रगडणाऱ्याचा वेगळा. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडील कोणत्याही घरात हा भेद कोणाला शिकवावा लागत नाही. मात्र ही विद्या आजवर कोणाच्या हातांनी सांभाळली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज तोच प्रश्न आपणापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम शास्त्राकडे पाहू. आयुर्वेदाने या विद्येचे प्रकार बारकाईने पाडले आहेत. तेल अंगात मुरेल अशा बेताने चोळणे हा अभ्यंग. जोर लावून रगडणे हे मर्दन. सुख वाटावे म्हणून हलक्या हाताने चेपणे हे संवाहन. चूर्णाने अंग घासणे हे उद्वर्तन. आपल्या दिवाळीतील उटणे हे त्याचेच घरगुती रूप होय. चरकाने येथे शेतकऱ्याला सहज पटेल असा दाखला दिला आहे: तेलामुळे मडके, चामडे आणि गाडीचा आंस जसे टिकाऊ होतात, तसेच शरीरही होते. वाग्भटाने डोके, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावयास सांगितले. पण अजीर्ण झालेल्याने आणि कफाने ग्रासलेल्याने अभ्यंग करू नये, असेही त्याने बजावले. कोठे हात लावू नये हे सांगणे हाही शास्त्राचाच भाग आहे.

आपल्या प्रदेशात याचे जुने उल्लेख सापडतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचे राज्य मराठवाड्याच्या बऱ्याच भागावर पसरले होते. 1129च्या सुमारास त्याच्या नावे रचल्या गेलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांची गणना आहे. तीत स्नान आहे, विलेपन आहे आणि पादाभ्यंग हा तर स्वतंत्र उपभोग म्हणून सांगितला आहे. पुढे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘लीळाचरित्रा’तही मर्दना हा शब्द स्नानाच्या जोडीने येतो. म्हणजे राजवाडा असो की मठ, ज्याच्या अंगाला तेल लागले त्याचे नाव इतिहासाने नोंदले. ज्याने ते लावले त्याचे नाव बहुधा राहून गेले.

आता राजवाडा सोडून गावात येऊ. मूल जन्मले की पहिला हात सुईणीचा. बाळंतिणीचे अंग चोळणे, तिला शेक देणे, बाळाला तेल लावून पायांवर घेऊन न्हाऊ घालणे हे सारे तिचे काम. महाराष्ट्रातील अनेक गावांत हे सुईणपण मांग समाजातील स्त्रियांकडे असे. ज्या हातांनी घराचा वंश या जगात आणला, त्याच हातांना त्या घरातील पाण्याच्या घागरीला शिवण्याची मुभा नव्हती! बंधुभगिनींनो, या एका वाक्यात आपल्या समाजाचा केवढा इतिहास साठला आहे.

दुसरा हात न्हाव्याचा. बलुतेदारीत हजामतीबरोबर अंग रगडणे आणि पाहुण्याचे पाय चेपणे ही कामेही त्याच्याकडे आली. मोबदला म्हणून सुगीच्या वेळी खळ्यावरचे धान्य मिळे. सेना न्हाव्याची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. महिपतीने अठराव्या शतकात ती ‘भक्तविजया’त सांगितली. सेना पूजेत गुंतला असता राजाचे बोलावणे आले, तेव्हा खुद्द विठ्ठल धोकटी घेऊन गेला आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसले. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण आख्यायिकेलाही काही म्हणावयाचे असते. ज्या कामाला गाव हलके समजत होते, ते करावयास देवाला कमीपणा वाटला नाही, हे ती सांगते. नामदेवांच्या नर्सीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपणांस तरी तिचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी.

तिसरी जागा तालमीची. येथे आज एक पैलवान दुसऱ्याचे अंग रगडतो आणि उद्या दुसरा पहिल्याचे. काम तेच, तेलही तेच; परंतु ते परस्परांचे असल्यामुळे कोणी लहान ठरत नाही. यावरून एक गोष्ट उघड होते. कमीपणा अंग चोळण्यात कधीच नव्हता. तो कोणी कोणाचे चोळावे याच्या नियमात होता.

याखेरीज घरगुती उपायही पुष्कळ. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासण्याची चाल प्रसिद्धच आहे. पाय काळे पडले की ‘उष्णता निघाली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तो काळेपणा तूप आणि काशातील तांबे यांच्या संयोगाने येतो. पायांना वाटणारा आराम मात्र खोटा नव्हे. तीच गोष्ट पायाळू माणसाकडून उसण काढवून घेण्याची. जन्मताना पाय आधी आल्याने पायांत गुण येत नाही. आखडलेल्या पाठीवर बेताचा दाब पडल्याने कधी बरे वाटते, एवढेच.

आता जरा बाहेर पाहू. आपली ‘चंपी’ इंग्रजीत जाऊन ‘शाम्पू’ झाली. मूळचा पाटण्याचा दीन महंमद इंग्लंडमधील ब्रायटन येथे चंपीचे स्नानगृह चालवीत असे. 1822 साली त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे त्याला राजाश्रयही लाभला. 1894 साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मर्दन करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. त्या वेळी मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे हा व्यवसाय बदनाम झाला होता. त्यांनी शिक्षण ठरविले, परीक्षा घेतल्या, नियम घातले. 1920 साली संस्थेला राजाची सनद मिळाली, आणि आजचा तेथील फिजिओथेरपीचा व्यवसाय तिच्यातूनच उभा राहिला. आपल्याकडे 1946 साली गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. 1950च्या दशकात, पोलिओच्या साथीनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. परंतु या नव्या शाळेच्या दारात आपली सुईण आणि आपला न्हावी यांना कोणी बोलावले नाही.

याचा अर्थ जुने ते सारे चांगले, असा मात्र करू नये. बाळाच्या नाकाकानांत तेल ओतणे, त्याची छाती पिळणे घातक आहे. मोडलेल्या हाडावर रगडल्याने आणि आवळून पट्ट्या बांधल्याने माणसे हातापायांस मुकली आहेत. पोटरी एकाएकी सुजून गरम व लाल झाली, तर ती चोळू नये, डॉक्टरांकडे जावे. आत रक्ताची गुठळी असू शकते. पण या चुका सुधारणार कोण? ज्याला शिकण्याची संधी मिळाली नाही त्याच्या चुका दाखविणे सोपे असते. लंडनच्या त्या चौघींनी आपले ज्ञान तपासून घेतले आणि त्याबरोबर मान मिळविला. आपण आपल्या माणसांना ज्ञानही दिले नाही आणि मानही दिला नाही.

1948 साली निजामी राज्य गेले, बलुतेदारी मोडली, 1999 साली हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही आपल्या गल्लीत बाळाला न्हाऊ घालावयास येणारी बाई आजही कोणत्या ना कोणत्या दारातून येतेच. ती उद्या आली, तर तिला बसावयास पाट द्या, चहा घरातल्याच कपात द्या, ठरलेली मजुरी वेळेवर द्या. आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या चार गोष्टी तिला समजावून सांगा, तिच्याही चार ऐकून घ्या. मर्दनविद्येच्या इतिहासात जे पान कोरे राहिले आहे, ते भरावयास एवढी सुरुवात पुरे आहे.