बीज, क्षेत्र आणि जन्मवजन

सुश्रुतसंहितेत गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही चार अंगे आवश्यक मानिली आहेत. लोकव्यवहाराने मात्र त्यांपैकी बीजालाच थोरपण दिले. ‘खाण तशी माती’ ही म्हण त्याचीच साक्ष होय. मूल लहानखुरे जन्मले ते बीजामुळे, की मातेला न मिळालेल्या अन्नामुळे, या प्रश्नाचा अलीकडील इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

इ. स. १९८९ मध्ये डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या पुरुषांच्या जुन्या नोंदवह्या तपासल्या. जन्मतः व वर्षाअखेरीस वजन कमी भरलेल्यांत हृद्रोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. बार्कर यांनी त्याचे मूळ गर्भावस्थेतील अपुऱ्या पोषणात शोधिले. १९९९ मध्ये अँड्र्यू हॅटर्सली व जॉन टूक यांनी दुसरी बाजू मांडली. गर्भाची वाढ इन्शुलिनवर अवलंबून असते. तेव्हा इन्शुलिनचे कार्य मंदावणारे जनुकच मुलाला लहान ठेवील आणि पुढे मधुमेहही देईल.

दरम्यान १९९३ मध्ये पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. बालके कृश असूनही त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा असे, त्यांची बालके आकाराने मोठी होती.

२०१९ मधील एका विस्तृत अभ्यासाने जन्मवजनाशी निगडित १९० जनुकस्थाने दाखविली. कमी जन्मवजन व पुढील रक्तदाब यांचा संबंध त्यात अनुवंशाकडे झुकला. परंतु २०२२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात ज्ञात जनुकभेदांचा परिणाम दक्षिण आशियाई व युरोपीय बालकांत सारखाच आढळला. आपली बालके लहान का, याचे पुरे उत्तर म्हणून केवळ त्या जनुकांत मिळत नाही.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रिया मराठवाड्याने पाहिल्या आहेत. त्या काळात जन्मलेल्यांचे आजचे विकार ‘घराण्याचा रोग’ म्हणून सोडून देणे न्याय्य होणार नाही. हर्टफर्डशायरात कोणी वह्या जपल्या, म्हणूनच हा प्रश्न विचारता आला. आपल्याकडील प्रसूतिगृहांच्या जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी जपणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.